शब्दाला लावलेली माणसं

आमच्या घरात इंग्रजी शब्द पाठ करायचा म्हणजे आधी त्याला माणूस लावायचा. "माणूस लावलास का?" हे अण्णांचं रोज सकाळचं वाक्य. अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळुरात आमची चौथी पिढी, त्यामुळे 'अण्णा' हे कन्नड शेजाऱ्यांकडून आमच्या घरात येऊन कायमचं बसलेलं. त्यांची धाकटी बहीण त्यांना अण्णा म्हणायची, ते ऐकून मीही म्हणायला लागले.

अण्णा सरकारी कारखान्यात कारकून होते. पन्नासच्या दशकाचा मध्य असेल, त्यांना बढतीच्या मुलाखतीला बोलावलं. समोर तीन साहेब. त्यातला एक अण्णांचा अर्ज चाळत हसून म्हणाला, तुमचा अर्ज फारच व्हर्बोज आहे. अण्णांना तो शब्द ठाऊक नव्हता. साहेब हसतोय म्हणजे कौतुकच असणार, असं धरून ते वाकून 'थँक्यू सर' म्हणाले. साहेबाने त्यांना पाल्हाळिक म्हटलं होतं. तिघेही साहेब हसले आणि दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा हसला. शिपायाला तरी तो शब्द कुठे ठाऊक होता? पण अण्णांना साहेबांपेक्षा त्या शिपायाचं हसणं जास्त लागलं. बढती त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळाली.

पुढच्या रविवारी ते बंगळुरातल्या शिवाजीनगरला जाऊन जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्यात इंग्रजी शब्दांची मुळं होती. एक लॅटिन धातू घ्यायचा आणि त्याला फुटलेले आठदहा शब्द एका दमात शिकायचे. अण्णा शाळेत संस्कृत शिकलेले, त्यांना ही धातूंची भानगड एकदम पटली. शब्द डोक्यात राहावा म्हणून त्याच्याशी एखादं चित्र जोडा, असंही पुस्तक सांगत होतं. पण त्यातली चित्रं सगळी उमराव, जहाजं आणि बर्फ यांची. आमच्या गल्लीत यातलं काहीच नव्हतं. तेव्हा अण्णांनी त्यात आपली सुधारणा केली. चित्राऐवजी माणूस लावायचा, तोही रोज डोळ्यांसमोर येणारा. शिवाय त्याचं जे काही वाईट असेल तेच धरायचं. चांगुलपणा डोक्यात राहत नाही, व्यंग राहतं, असं ते म्हणत. हे मात्र खरं निघालं.

कारखान्याची बस कोपऱ्यावर यायच्या आधी, सकाळी पाऊण तास आमचा वर्ग भरे. विद्यार्थी दोनच, अण्णा आणि मी. माझं वय अकरा. दोनशे पानी वही, डाव्या पानावर धातू आणि त्याचे शब्द, उजव्या पानावर माणूस आणि त्याच्यावर एक इंग्रजी वाक्य. व्होरारे म्हणजे गिळणे, त्यावरून व्होरेशस म्हणजे खादाड. तिथे घरमालक, जो नेमका रविवारी पानं मांडली की यायचा. लॅक्रिमा म्हणजे अश्रू. तिथे समोरची म्हातारी, जिचे डोळे मुलगा गेल्यापासून कायम पाझरायचे. क्लॉडस म्हणजे लंगडा, तिथे खालचा शिंपी. मी शाळेत जाताना त्याच्या मागून चालत तोंडातल्या तोंडात त्याचे शब्द म्हणायची. त्याने एकदा मागे वळून मला चिंच दिली होती. मी ती खाल्ली आणि शब्द म्हणत राहिले.

मला हे सगळं आवडायचं, खोटं कशाला बोलू? कुणाचं काय दुखतंय ते मला चटकन दिसायचं. अण्णांना माणूस शोधायला वेळ लागे, माझा तयार असे. मी एखादं झणझणीत वाक्य केलं की अण्णा मान डोलावत, आणि आई नसलेल्या घरात तेवढीच शाबासकी मिळायची. चांगले शब्द मात्र अण्णांनी स्वतःसाठी राखले होते. बेने म्हणजे चांगलं, व्होलो म्हणजे इच्छिणं, त्यावरून बेनेव्होलंट म्हणजे परोपकारी. त्या पानावर त्यांनी आपल्या हाताने लिहिलं होतं, 'अण्णा'.

सर्वांत जास्त पानांवर होती माझी आत्या. ती सदा डोळ्यांसमोर असायची, म्हणून सोयीची. मॅट्रिक झाल्या झाल्या तिचं लग्न झालं, आणि एकोणिसाव्या वर्षी नवरा नोकरीसाठी मद्रासला म्हणून गेला तो गेलाच. ती आमच्याकडे परत आली. त्याच वर्षी माझी आई वारली. तेव्हापासून मला न्हाऊमाखू घालणं, अण्णांचा डबा, चूल, धुणं, सगळं तिच्या अंगावर. गल्लीत नळ यायच्या आधी टोकाच्या विहिरीवरून पाणीही तीच आणायची. नळ आला आणि विहिरीकडे कुणी फिरकेना. तिच्या कठड्याच्या भेगांतून पिंपळ उगवला. आत्या मात्र भाजीला जाताना तिच्यात डोकावून जायची.

एका सकाळी धातू आला लिंक्वेरे, म्हणजे सोडणे. त्याचा एक शब्द डेरिलिक्ट, म्हणजे मालकाने टाकून दिलेलं, बेवारस. अण्णांनी विचारलं, माणूस कोण? मी क्षणाचाही विचार न करता स्वयंपाकघराकडे बोट केलं. अण्णा मोठ्याने हसले. मुलाखतीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते, आणि त्या हसण्याने मी इतकी फुशारले की वाक्यही लगेच केलं: माय आंट इज डेरिलिक्ट. आत्या तेव्हा कॉफीचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने पेले ठेवले, अण्णांचा स्वल्प जास्त गोड, माझा कमी, जसे रोज ठेवायची तसे. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी तिलाही येत होतं.

त्या दिवसापासून पुढचं दीड वर्ष हेच चाललं. सुपर म्हणजे वर, फ्लुएरे म्हणजे वाहणं, वरून वाहून जाणारं ते सुपरफ्लुअस, जादाचं, नको असलेलं. तिथेही आत्या. आमच्या घरात आत्या जादाची आहे, असं वाक्य मी तिने केलेला डोसा खात लिहिलं. तिच्यावाचून त्या घरात चूलसुद्धा पेटली नसती, हे मला आज कळतं असं म्हणायची सोय नाही. ते मला तेव्हाही कळत होतं. पण वाक्य छान झालं होतं.

मी तेरा वर्षांची असताना आत्याला कँटोन्मेंटमधल्या एका मुलींच्या शाळेच्या फाटकावर पाटी दिसली. अगदी लहान मुलींच्या वर्गासाठी मदतनीस बाई हवी होती. मॅट्रिक पास असावी, इंग्रजी बरं असावं. पगारापेक्षा आत्याचं लक्ष दुसऱ्याच ओळीवर होतं. राहायला खोली मिळणार होती. तिने फाटकावरच्या माणसाकडून ती खोली पाहूनही घेतली. एक खाट, एक खिडकी, बाहेर पेरूचं झाड, आणि दाराला आतून कडी. आत्या आमच्याकडे नऊ वर्षं स्वयंपाकघरात चटई टाकून झोपत होती आणि त्या स्वयंपाकघराला दारच नव्हतं. तिने मला ती कडी दोनदा हाताने करून दाखवली, अशी सरकते म्हणून.

तिने अण्णांना विचारलं. तुला इथे काय कमी आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि मग माझा डबा कोण करणार, हा दुसरा. पण नाही म्हणाले नाहीत, आमच्या घरातला कन्नड होकारच दिला. सरी, जा, पण तिथे शब्द विचारतात, असं म्हणून त्यांनी आमची वही उचलून तिच्या हातात दिली. यातून पाठ कर म्हणाले. त्यांनी ते भोळेपणाने केलं की मुद्दाम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी समोर होते. वही मागून घेऊन उजवी पानं फाडायला मला पाच मिनिटं लागली असती. पण ती माझी सर्वांत चांगली पानं होती. ती फाडायची माझी तयारी नव्हती.

वीस दिवस वही तिच्याकडे होती. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तुझं अक्षर छान झालंय गं." मग तिने पाठांतर सुरू केलं. डोशाचं पीठ रगड्यावर वाटताना ती शब्द म्हणायची, धातू म्हणायची, आणि मग वाक्य. मी केलेलंच वाक्य, फक्त 'माझी आत्या'च्या जागी 'मी' घालून. मी टाकून दिलेली आहे. मी माझ्या भावाच्या घरात जादाची आहे. रगडा फिरायचा आणि त्या तालावर ही वाक्यं. मी अभ्यास करत बसलेली असे. एकदा उठून तिच्याजवळ गेले. मला वाटलं होतं की सांगावं, ही वाक्यं राहू दे, दुसरी कर. प्रत्यक्षात मी तिला म्हटलं की डेरिलिक्टमध्ये जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा असतो. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस.

मुलाखतीला सोबत म्हणून मी गेले. आत्याने आईची निळी साडी नेसली होती, अण्णांना विचारून. मुख्याध्यापिका म्हणजे झगा घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या, शांत बाई. मला बाहेर उन्हात कशाला बसवायचं म्हणून त्यांनी मला आत, भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. त्यांनी आत्याकडून एक उतारा वाचून घेतला. तो बरा झाला. मग म्हणाल्या, इंग्रजी शब्द किती येतात? आत्याने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की पुष्कळ येतात, मुळांसकट येतात. बाईंना गंमत वाटली. त्यांनी मुळं विचारली, आत्याने एका दमात पंधरावीस सांगितली, त्यांच्या शब्दांसकट. बाईंनी हातातली लेखणी खाली ठेवली. मुलाखत जिंकली होती, खरं तर. तेवढ्यावर थांबलं असतं तर ती खोली मिळाली असती.

पण बाईंना आता खरोखर उत्सुकता वाटायला लागली होती. म्हणाल्या, डेरिलिक्ट सांगितलंस ना आत्ता, त्याचं वाक्य कर.

आत्या ताठ बसली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "आय अॅम डेरिलिक्ट." जोर पहिल्या अक्षरावर, मी सांगितला तसा.

बाईंनी लेखणी पुन्हा उचलली. मग सुपरफ्लुअसचं विचारलं. मी माझ्या भावाच्या घरात जादाची आहे, आत्याने सांगितलं. बाईंनी मुद्दाम एक चांगला शब्द निवडला, बेनेव्होलंट. माझा भाऊ परोपकारी आहे, तो मला जेवू घालतो. तिन्ही वाक्यं अचूक होती. आत्याचा चेहरा परीक्षा चांगली गेलेल्या मुलीसारखा दिसत होता. मला घाम फुटला, आणि तिच्यासाठी नव्हे. ती वाक्यं कुणाची आहेत हे या बाईंना कळलं तर, अशी माझी भीती होती.

बाई हळू आवाजात बोलल्या. म्हणाल्या, हे घरातलं असू दे. तेच शब्द घे आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी सांग. झाड, कुत्रा, बाजार, काहीही. लहान मुलींना तू काय सांगशील?

आत्याच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ती वही उलटत होती मनातल्या मनात, आणि प्रत्येक उजव्या पानावर तीच होती. बाईंनी वाट पाहिली, बरीच पाहिली. मग, बहुधा आत्याला धीर यावा म्हणून, माझ्याकडे वळून हसल्या. म्हणाल्या, बघू, तुझी भाची मदत करते का.

मी उभी राहिले. मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, समुद्रकिनाऱ्यावर एक टाकून दिलेलं जहाज होतं. मी म्हटलं, राजाच्या अंगावर जादाचे दागिने होते. मी म्हटलं, परोपकारी राणीने गरिबांना अन्न दिलं. खणखणीत इंग्रजीत, एकामागून एक, न अडखळता. समुद्र मी पाहिलेला नव्हता, राजाही नाही. पुस्तकातली ती उमरावांची नि जहाजांची चित्रं माझ्या बरोबर कामी आली. बाई 'व्हेरी गुड' म्हणाल्या आणि मी खाली बसले. किती बरं वाटलं होतं मला, ते मी विसरलेले नाही. आत्या माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी आज हे लिहायला बसले नसते. तिला कौतुक वाटत होतं.

बाईंनी तिला समजावून सांगितलं. लहान मुलींच्या वर्गात आनंदी माणूस लागतं, तू आधीच फार सोसलेलं दिसतंय, वाईट वाटून घेऊ नकोस. आत्या उठून वाकून 'थँक्यू मॅडम' म्हणाली. अण्णांसारखंच. दारापर्यंत पोचलो तेव्हा बाई मला म्हणाल्या, शिकून मोठी झालीस की आमच्याकडे ये. परत येताना आत्या खोलीच्या बाजूने गेली नाही, लांबच्या फाटकाने गेली. वाटेत तिने मला शेंगदाणे घेऊन दिले. घरी अण्णांनी विचारलं, शब्द बरोबर आले का? ती म्हणाली, सगळे आले, पण जागा मिळाली नाही. मग त्या बाईलाच इंग्रजी येत नसेल, असं म्हणून त्यांनी कॉफी मागितली.

मी शिकले, मोठी झाले आणि त्या शाळेत गेले. साठच्या दशकातली गोष्ट, मी बी.ए. झाले होते. त्या बाई निवृत्त व्हायला आल्या होत्या, त्यांनी मला ओळखलं. आत्याचं काही विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवण्याचं काम मिळालं. खोली नको म्हणून सांगितलं. मला घर होतं.

पहिल्या दिवशी सकाळी आत्या माझा डबा बांधत होती. केस पांढरे व्हायला लागलेले, पाठ रगड्यावर वाकून वाकून तशीच राहिलेली. फडक्याची गाठ मारता मारता ती इंग्रजीत म्हणाली, "आपल्या गल्लीच्या टोकाची विहीर डेरिलिक्ट आहे." मग मराठीत म्हणाली, "बरोबर आहे ना? आणखी दोन आहेत माझ्याकडे. त्या दोन शब्दांची. कुणी विचारलं तर असावीत."

नऊ वर्षं ती हे वाक्य तयार करत होती की एका दिवसात तयार झालं होतं, मला ठाऊक नाही. माझी बस चुकत होती. मी म्हटलं, "आता तुला कोण विचारणार आहे, आत्या?"

ती म्हणाली, तेही खरंच. आणि डबा माझ्या हातात दिला. ती दुसरी दोन वाक्यं मी कधीच ऐकली नाहीत.

त्याच दिवशी वर्गात मी लिंक्वेरे शिकवलं. धातू, फांद्या, सगळं अण्णांच्या पद्धतीने, फक्त माणसं न लावता. डेरिलिक्टला वाक्य हवं होतं. जहाजाचं मला आठवत होतं, पण ओठांवर विहिरीचं आलं. मी ते फळ्यावर लिहिलं: आमच्या गल्लीच्या टोकाची विहीर डेरिलिक्ट आहे. ते माझ्या जहाजापेक्षा कितीतरी चांगलं वाक्य होतं. मुलींनी उतरवून घेतलं. एकीने विचारलं, मिस, हे तुम्ही केलं? मी हो म्हटलं.

वह्या तपासायला घरी आणल्या. चाळीस वह्यांचा गठ्ठा. मी हात धुवायला गेले आणि परत येऊन पाहते तर आत्या जमिनीवर बसून वही उघडून वाचत होती. तिने दुसरी उघडली, तिसरी उघडली. प्रत्येक वहीत त्या ओळीखाली तिचं बोट फिरत होतं. चाळीस मुलींच्या चाळीस अक्षरांत तिची विहीर. आता ती म्हणेल, हे माझं आहे. मी दारात उभी राहून उत्तर तयार करत होते. उत्तर मला नेहमीच तयार असे.

ती म्हणाली, "या मुलींनी विहीर पाहिली असेल का गं?"

मी म्हटलं, "पाहायला कशाला हवी? त्यांनी वाक्य पाठ केलंय."

"सरी," ती म्हणाली. तिने वह्या होत्या तशा एकावर एक रचल्या, कडा सारख्या केल्या आणि भात टाकायला उठली.